पाणी मागणाऱ्या नणंदबाई

दुसऱ्याच्या घरात शिरण्याचा सरकारी हक्क आणि जन्मजात हौस, दोन्ही असलेली बाई उभ्या भिलाईत एकच होती, आणि ती माझी मोठी नणंद. आईबाप मुलासाठी कोर्टात भांडू लागले की दोघांची घरं पाहून रिपोर्ट लिहायचा, ही ताईंची नोकरी. सरकारने त्यांना एक खुर्ची दिली होती. गाडी नाही, टायपिस्ट नाही, कागदसुद्धा मागावा तेव्हा संपलेला. म्हणून बाकीची मंडळी खुर्चीतूनच ‘घर हवेशीर आहे’ असं लिहून मोकळी होत. ताई मात्र स्वतःची लुना काढून कोहक्यापासून अहिवाऱ्यापर्यंत कुणाच्याही दारात ऐन जेवणाच्या वेळी हजर. मागे मी, कारण लुना बंद पडली की ढकलायला कुणीतरी लागे.

त्यांची परीक्षा एकच. लेकराला म्हणायचं, “बेटा, मले पाणी देते का?” आपल्या घरात पेला कुठे असतो हे लेकराला विचारावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं.

एकदा पहिलीतल्या एका मुलीची केस आली. बाप पोलादाच्या प्लांटमध्ये ऑफिसर, प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये, ऐसपैस क्वार्टर. आई सुपेल्यात एका खोलीत ब्लाउज शिवायची. आधीच्या माणसाने रस्त्यावरूनच लिहून टाकलं होतं, ‘आईकडे जागा अपुरी.’ पोर आईपासून तुटणार हे जवळजवळ ठरलेलंच. आई कोर्टात रडली, म्हणून जजसाहेबांनी नव्याने पाहणी करायला ताईंना पाठवलं. निकालापर्यंत मुलगी आळीपाळीने दोन्हीकडे राहत होती.

क्वार्टरवर ताईंनी पाणी मागितलं, तर मुलगी बापाचं तोंड पाहू लागली. पेले काचेच्या कपाटात, किल्ली बापाच्या खिशात. सुपेल्यात मागितलं, तर ती शिलाई मशीनखालून सरपटत माठाकडे निघाली आणि जाता जाता आम्हालाच दटावून गेली, “पहले हाथ धो लो, आंटी. फिर पानी.” ताईंनी निमूट हात धुतले.

कोर्टात बापाचा वकील हसला. “मॅडम, गिलास देखकर बच्ची देंगे क्या?”

“गिलास कौन देखता है, वकील साहब,” ताई म्हणाल्या. “मैं तो बच्ची को देख रही थी.”

साहेबांनी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला. मुलगी आईला मिळाली, बापाला रविवार. ताई कोर्टाच्या पायऱ्या वरमाईच्या थाटात उतरल्या आणि सुपेल्याच्या चौकात जिलेबी घेतली. मग लुना घराऐवजी सेक्टरकडे वळली.

“इकडं कावून, ताई?”

“तो आज जेवला नसंन वो.”

दार मुलीच्या बापानेच उघडलं. कपडेसुद्धा बदलले नव्हते. “ताई,” तो म्हणाला, “पोरगी मले भेत होती का?”

साऱ्या कोर्टाला पुरून उरलेल्या ताईंनी जिलेबीचा पुडा उघडून त्याच्यापुढे ठेवला. मग त्या त्याच्याजवळ बसून राहिल्या, आणि जिंकलेल्या दिवशी मला रडू आलं.