बाप्पासाठी बेबी सीट

माझी आई साताऱ्याहून जयपूरला आली ती नातीला मांडीवर घेऊन गावभर फिरायचं ठरवूनच. त्यामुळे गाडीतली बेबी सीट बघितल्या बघितल्या तिचं डोकं फिरलं. "पोरीला काय जखडून ठेवतेस गं? मी आहे ना धरायला!"

मी इथल्या शाळेत फिजिक्स शिकवते, गप्प बसणं मला जमत नाही. म्हटलं, "आई, गाडी थांबते, आतलं माणूस थांबत नाही. ते गाडीच्याच वेगाने पुढे जातं. धडक बसली तर ही नऊ किलोची पोर क्विंटलभर पोत्यासारखी ओढ घेईल. धरशील?"

"तुला नाही का धरलं? एसटीत, सातारा ते कोल्हापूर!"

घ्या!

चतुर्थीच्या आदल्या दिवशी नवरा ड्युटीवर, म्हणून आम्ही तिघीच गणपती आणायला गेलो. मूर्ती हातात आली, मोरया झाला, बाप्पाच्या तोंडावर रुमाल टाकला आणि आईने फर्मान काढलं, "बाप्पाला त्या सीटमध्ये बांध. पोर माझ्याकडे दे."

"अजिबात नाही!" मी भर रस्त्यात ओरडले. मूर्तीवाले भैया हसायला लागले. आई फुगली. शेवटी पोर तिच्या सीटमध्ये, शेजारी पट्टा लावलेली आई आणि आईच्या मांडीवर बाप्पा. दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

आदर्श नगरच्या वळणावर गाय आडवी आली. मी कचकन ब्रेक मारला. धडक नाही, काही नाही, नुसता ब्रेक. पट्ट्याने आईला धरलं. बाप्पाला धरायला फक्त आईचे हात होते. मूर्ती सुटली, पुढच्या सीटवर आपटली आणि सोंड तुटली.

आता रडारड, अपशकुन, सगळं ऐकावं लागणार! पोर मात्र खिदळत होती, तिला तो खेळच वाटला. आई आपल्या हातांकडे बघत बसली होती.

"प्राणप्रतिष्ठा कुठे झाली होती अजून," ती म्हणाली. "मातीच ती. चल, दुसरा आणू." मग हळूच, "घट्ट धरला होता गं मी."

"माहितीये मला," मी म्हटलं आणि गाडी वळवायला घेतली.

"थांब जरा." आई नातीच्या सीटवर वाकली, पट्ट्याखाली बोट घालून बघितलं. "हा अजून आवळता येतो का गं?"