न तपासलेलं एकच कपाळ

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिलीच्या बाई थर्मामीटर घेऊन वर्गाच्या दारात उभ्या होत्या. आसपास गोवराची साथ होती. पोर आलं की आधी ताप बघायचा, मग कानामागे पुरळ, मगच आत.

"बाई, आम्ही चोर आहोत का?"

"चोर परवडला रे. तो एकच घर फोडतो."

हा सगळा खटाटोप 'टोपी'साठी होता. रक्ताच्या आजारावरच्या औषधांनी केस गेलेली, म्हणून सदा टोपी घालणारी ही मुलगी वर्षभराने शाळेत आली होती. तिला लस चालत नव्हती. गोवर झाला तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाप तिला घरीच ठेवणार होता, पण बाईंनीच त्याला शब्द दिला होता, "माझ्या वर्गात ताप शिरणार नाही."

घंटा होता होता बाईंचा नातू धापा टाकत आला. तोही याच वर्गात. बाईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि आत ढकललं. घरचंच पोर, त्याचं काय बघायचं?

साडेदहाला तो टेबलाशी आला. "आजी…"

शाळेत 'बाई' म्हणायचं, असा दंडक होता. पोरं फिदीफिदी हसली. बाईंनी त्याचा हात धरला आणि त्यांना चटकाच बसला. कानामागे लाल पुरळ.

"सकाळी बरा होतास ना?"

"आईने गोड औषध दिलं. म्हणाली, आजीला सांगू नको."

"बसला होतास कुठे?"

"टोपीजवळ. तिच्याजवळ कुणीच बसत नाही ना."

बाईंनी सुनेला फोन लावला. मागे दुकानातला गलका होता.

"ताप उतरला होता हो, आई. आणखी एक खाडा झाला तर मला काढून टाकतील. मग काय करू?"

बाईंनी फोन ठेवला आणि टोपीच्या बापाला लावला.

टोपीचा बाप वेल्डिंगचं काम टाकून तसाच आला. त्याने एवढंच विचारलं, "पोर कुणाचं?"

"माझं."

तो मुलीला उचलून थेट दवाखान्यात गेला. संध्याकाळी त्याचा निरोप आला: इंजेक्शन दिलंय, पण लागू पडलं की नाही ते कळायला तीन आठवडे जातील.

उद्या सात दहाला पहिलीच्या दारात थर्मामीटर घेऊन दुसरीच्या बाई उभ्या असतील. पहिलीच्या बाईंनी रजा टाकली आहे. नातवाजवळ बसायला घरात दुसरं कुणी नाही.