दिवसाला दोन ग्लास पाणी
बडोद्याच्या किडनीच्या डॉक्टरबाई नसत्या, तर माझी बहीण आज नसती. माठाचा ओला वास आला की ती दुपार आठवते. पाचवीत शाळा सुटली, मग गावही सुटलं, आणि मी बडोद्यातल्याच खंडेराव मार्केटात भाजीची पोती उचलत होतो. बहिणीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तिला माझी किडनी द्यायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी माझाच रक्ताचा रिपोर्ट बिघडला. "मॅडम, हा डोनर चालणार नाही," बाईंचा एक विद्यार्थी म्हणाला. बाईंनी माझे फुटलेले ओठ बघितले. "अरे भाई, पाणी किती पितोस?" "दिवसाला दोन ग्लास. बहिणीला मोजूनच देतात ना? उद्या मलाही एकाच किडनीवर राहायचंय, म्हणून सवय करतोय." विद्यार्थी खो खो हसले. बाई त्यांच्याकडे वळल्या, "हसता काय? हे याला समजावून कुणी सांगायचं होतं? आपणच ना?" मग कोपऱ्यातल्या माठातून त्यांनी स्वतः मला पाणी काढून दिलं. "तुझी एक किडनी दोन्हींचं काम करील. पाणी कमी पडलं म्हणूनच रिपोर्ट बिघडलाय. पोटभर पी, आठ दिवसांनी परत तपासू." रिपोर्ट चांगला आला, ऑपरेशनही झालं. चार माणसांत बोलायला मी अजून घाबरतो, पण एक दिवस हॉस्पिटलात जाऊन बाईंच्या नव्या विद्यार्थ्यांसमोर उभा राहीन आणि माझी ही चूक त्यांना सांगेन, म्हणजे ते तरी पेशंटला आधीच नीट समजावतील. बाईंचे उपकार मी असेच फेडणार आहे.