आज काय शिजलं?

मास्तरने ओठांवर बोट ठेवलं की पोरांनी गप्प बसायचं, हा नियम तुम्हाआम्हाला बालवाडीपासून पाठ आहे. बाईंचं बोट उलटं चालायचं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं की त्या स्वतः गप्प होत आणि समोरचं पोर बोलायला लागे. पण बोट ठेवून त्या मध्येच बोलणाऱ्याकडे बघत असतील, तर गप्प बसायची पाळी त्याची असे. मी त्यांच्या वर्गात होतो तोवर ते बोट सर्वांत जास्त वेळा माझ्याकडे बघून उठलं. पोरांचा नंबर माझ्यानंतर.

मी तेव्हा पालघरला डी.एड. करत होतो आणि सरावासाठी मला कुंभवलीची शाळा मिळाली होती. शाळा कारखान्यांना अगदी चिकटून. तासाची घंटा ऐकू येवो न येवो, पाळी सुटल्याचा भोंगा चुकत नसे. निम्मा वर्ग बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या मुलांचा. त्यांच्या घरी मराठी नव्हती. उरलेल्या निम्म्यांच्या घरी होती, पण तिला मराठी म्हणायला मी तयार नव्हतो.

कारण माझी मराठी शुद्ध. वडील साताऱ्याकडून इकडे वीज केंद्रात नोकरीला आलेले, मी कॉलनीत वाढलेलो. 'आहे' आणि 'नाही' मी असे उच्चारायचो की ऐकणाऱ्याने सावरून बसावं. त्यात 'द्वितीय भाषेचे अध्यापन' या विषयात मी कॉलेजात पहिला. 'शिक्षकाची भूमिका' या प्रश्नाला मी पुरवण्या जोडल्या होत्या. म्हणजे आजार बराच पुढे गेलेला होता, हे तुम्ही ओळखलंच असेल.

बाई चौथीच्या वर्गशिक्षिका. तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरातल्या, निवृत्तीकडे झुकलेल्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि घशासाठी आल्याचा तुकडा. पहिल्या दिवशी मी वर्गापुढे उभा राहून माझी ओळख करून दिली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली.

"सर, तुमी रेडिओवर होते का?"

"नाही. का?"

"काय नाय. बातम्या लागल्यासारखं वाटलं."

बाईंच्या वर्गात हजेरीला 'हजर' म्हणायचं नसे. नाव पुकारलं की आज घरी काय शिजलं ते सांगायचं, येईल त्या भाषेत. कोणी म्हणे 'सुकट', कोणी 'डाळभात', कोणी 'रोटी आउर आलू के भुजिया'. बाई तेच मराठीत घालून परत देत, "अरे वा, चपाती आन् बटाट्याची भाजी! कोनी केली? आईनं का बाबानं?" पोर म्हणे, "पापा ने... बाबानं." झालं काम. बाई पुढच्या नावाकडे. मी शेरा लिहिला, 'हजेरीत अनावश्यक वेळ जातो.' कॉलेजने त्या शेऱ्याला चांगले गुण दिले.

त्या वर्गात रिंकी होती. वर्षाच्या सुरुवातीला बिहारमधल्या छपऱ्याहून आलेली. वयाने चौथीची म्हणून चौथीत बसवलेली, आणि तेव्हापासून वर्गात एक शब्द न बोललेली. तिचं नाव आलं की बाई ओठांवर बोट ठेवून थांबत. रिंकी मान खाली घाली. जरा वाट बघून बाई स्वतःच सांगत, "आलीय, बसलीय, ऐकतेय. हजर." आणि पुढचं नाव. आवाजात ना राग, ना कीव. जणू तिच्या घरीही काहीतरी शिजलंय, फक्त झाकण अजून उघडलं नाही.

हेडसरांना हे पटत नसे. माणूस वाईट नव्हता. कुटुंब नाशिकला, स्वतः बोईसरात एकटा, आणि वरून रोज कुठली ना कुठली माहिती मागणारे फोन. एके दिवशी ते वर्गात येऊन म्हणाले, "बाई, हिला काहीच येत नाही. दिवाळीपर्यंत बोलली नाही तर कागदावर राहू दे चौथीत, पण बसवा दुसरीत. मराठी आली की आणू वर. दिवाळीनंतर मी स्वतः बघतो."

दुसरीत रिंकीचा धाकटा भाऊ होता. हेडसरांचं बोलणं पुरं व्हायच्या आत रिंकीने दप्तर उचलून छातीशी धरलं. तेवढी मराठी तिला समजत होती.

मग मी तिला वाचवायचं ठरवलं. तिची खरी संकटं इथून सुरू झाली.

पहिलं संकट म्हणजे माझा मराठी कोपरा. वर्गाच्या खिडकीजवळ मी चटई घातली, रंगीत चित्रं डकवली आणि वर सुरेख अक्षरात पाटी लावली, 'येथे फक्त मराठीतच बोलावे.' परिणाम तात्काळ दिसला. तिथे कोणीही बोलेनासं झालं. खेळता खेळता चेंडू त्या चटईवर गेला तर पोरं तो मुकाट्याने उचलून आणत. शाळेत एवढी शांतता दुसरीकडे कुठेच नव्हती. एका दुपारी बघतो तर बाई चटईवर भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे मिटून.

"डोकं दुखतंय हो सर. म्हटलं, तुमच्या कोपऱ्यात बसावं. हितं कोन बोलत नाय."

दुसरं संकट, माझा आवाज. रिंकीला समजत नाही असं वाटलं की मी तेच वाक्य मोठ्याने म्हणायचो. तरी नाही समजलं तर आणखी मोठ्याने आणि तुकडे पाडून. "ही! गाय! आहे!" रस्त्यावरची खरी गाय थबकून बघायची. बाईंनी दारातून सांगितलं, "सर, पोरगी बहिरी नाय. बिहारची हाय." दर पाठानंतर मी वर्गाला विचारायचो, "समजलं का?" सगळा वर्ग माना हलवायचा, रिंकी सगळ्यांत जोरात. मी समाधानाने खडू ठेवायचो.

या समाधानाचा निकाल बाईंच्या अंगणात लागला. एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. बाई आत चहा टाकत होत्या. त्यांची आई बाहेर, दोऱ्यांवर सुकत घातलेल्या बोंबलांच्या सावलीत बसलेली. आजी माझ्याशी बोलायला लागल्या. मराठीच ती, कित्येक पिढ्यांची, पण मला त्यातला 'पोरा' सोडला तर एकही शब्द लागेना. अशा वेळी शिकलेला माणूस जे करतो ते मी केलं. हसलो आणि मान हलवली. त्यांनी आणखी काही विचारलं. मी आणखी हलवली. म्हातारी इतकी खूश झाली की टुणकन उठून घरात गेली.

थोड्या वेळाने माझ्यापुढे तळलेल्या बोंबलांचं ताट आलं. आमचं घर माळकरी. ताटामागून रिकामी टोपली आली, कारण दोऱ्यांवरचे सगळे बोंबील उतरवून देतो असं मी कबूल केलं होतं. टोपलीमागून शेजारच्या दोन बायका आल्या आणि मला आपादमस्तक न्याहाळू लागल्या. माझं लग्न व्हायचंय, आणि इकडची मुलगी चालेल, असंही मी मानेने सांगून बसलो होतो.

बाई चहा घेऊन बाहेर आल्या, सगळा प्रकार ऐकला आणि पायरीवर बसून पोट धरून हसल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सर, तुमी मान कशाला हलवली?"

"काही कळेना. गप्प बसलो तर वाईट दिसेल म्हणून."

"मंग वर्गात तुमी 'समजलं का' विचारता, तवा रिंकी कशाला हलवते?"

ताट मी परत केलं. टोपली घ्यावीच लागली. त्या दोन बायकांची समजूत बाईंनी काढली. कशी काढली ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण जाताना त्या माझ्याकडे फार कळवळून बघत होत्या.

एवढं होऊन मी सुधारलो असेन असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही अजून मला ओळखलं नाही. दिवाळी झाली, हेडसर रिंकीला बघायला येणार म्हटल्यावर मी घाईने तिच्याकडून वाक्यं पाठ करून घेतली. बाई त्या दिवसांत प्रशिक्षणासाठी मनोरला होत्या. मला अडवणारं बोट गावात नव्हतं. रिंकीने सगळं चोख पाठ केलं. आपण दुसरीत जायचं नाही म्हणून ती झोपेतसुद्धा ते म्हणत होती, असं तिच्या आईने नंतर सांगितलं.

हेडसर आले, खुर्चीवर बसले आणि मायेने म्हणाले, "काय बाळ, नाश्ता केलास का?"

"माझे नाव रिंकी आहे."

हेडसरांनी चष्मा सारखा केला. "बरं. आई काय करते?"

"मी इयत्ता चौथीत शिकते."

मागे पोरं खिदळली. हेडसर उठले, तेव्हा एक वाक्य तिच्याजवळ शिल्लक होतं. कोणी न विचारता तिने ते म्हटलं, "मला शाळा खूप आवडते." म्हणताना तिचे डोळे भरून आले. माझ्या तालमीतलं तेवढं एकच वाक्य खरं निघालं.

"सोमवारपासून दुसरीत," हेडसर म्हणाले.

शनिवारी बाई आल्या. त्यांना सगळं कळलेलं होतं. हेडसरांकडे जाऊन त्यांनी एवढंच मागितलं, "सोमवारी हजेरी होऊ द्या. मंग न्या." मग मला विचारलं, "सर, तुमी खोलीवर सैपाक सोता करता ना? भात कसा होतो?"

वडील निवृत्त होऊन साताऱ्याला परतले होते आणि मी बोईसरात खोली घेऊन राहत होतो. खरं ते सांगितलं. "खाली करपतो. वर कच्चा राहतो."

त्या माझ्यावर पहिल्यांदाच खूश झालेल्या दिसल्या. "मंग सोमवारी पयली हजेरी तुमची. रिंकीच्या भाषेत सांगायची."

रविवारचा अख्खा दिवस शेजारच्या खोलीतल्या, रिंकीच्याच भागातल्या सिवानच्या कामगाराने माझ्यावर मेहनत घेतली. सोमवारी बाईंनी माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो. समोर चौथीचा वर्ग, दारात रिंकीला न्यायला आलेले हेडसर, आणि रिंकीचं दप्तर तिच्या मांडीवर, बांधून तयार.

"हम भात बनवनी," मी म्हणालो. "भात जर गइल." म्हणजे, मी भात केला, भात करपला.

बिहारी पोरं बाकांवर उभी राहिली. एकाने काहीतरी विचारलं. मला काही कळलं नाही. पाठ केलेलं तर संपलं होतं. मी म्हणालो, "हम भात बनवनी." दुसऱ्याने विचारलं. मी म्हणालो, "भात जर गइल." वर्गात हसण्याचा स्फोट झाला. मी मान हलवत हसत उभा होतो. त्या घडीला मला जे वाटत होतं ते आदल्याच आठवड्यात त्याच जागी कोणाला वाटलं असेल, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाई माझ्या मदतीला आल्या नाहीत. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं आणि त्या रिंकीकडे बघत होत्या.

रिंकी हसत होती. तिची आई कारखान्यात पॅकिंगला जायची, तेव्हा घरचा भात रोज रिंकीच लावायची. बाईंना ते ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी तिला गायीखेरीज काही विचारलंच नव्हतं. माझा करपलेला भात तिला किती वेळ सहन होणार? ती उठली.

"सर, तुमी पानी किती टाकला?"

बाकांवर उभी पोरं पटापट खाली बसली. मी हातानेच काहीतरी माप दाखवलं.

"नाय, नाय! असा नाय!" ती थेट माझ्यापुढे आली. "तांदूळ पयला धुवाचा. मग बोट ठेवाचा. इतका पानी वर पायजे." तिने बोट उभं धरून पेरावर अंगठा टेकवला. "मग गॅस बारीक. चमचा नाय घालाचा. तुमी सारका सारका चमचा घालते ना?"

घालत होतो.

इतक्या महिन्यांत माझी शुद्ध मराठी तिच्या कानावर आदळत राहिली होती. तिने उचलली होती ती बाईंची. काही मधल्या सुट्टीत गावातल्या पोरींकडून घेतलेली, काही स्वतःच्या हिशेबाने जुळवलेली.

"बाई," हेडसर दारातून म्हणाले, "पण हे शुद्ध..."

बाईंनी मान वळवली आणि हेडसरांकडे बघत ओठांवर बोट ठेवलं.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी असं केलेलं कोणी पाहिलं नव्हतं. हेडसर थांबले. रिंकीकडे बघितलं, तिच्या उभ्या बोटाकडे बघितलं. बोईसरात एकटा राहणारा माणूस तो. जरा खाकरून त्यांनी विचारलं, "आणि मीठ कधी?"

"पानी गरम होल तवा, सर."

हेडसर "बरं" म्हणून गेले. रिंकीने जागेवर जाऊन दप्तर सोडलं आणि वही बाहेर काढली. दुसरीत कोण बसणार होतं हा विषय त्या शाळेत पुन्हा निघाला नाही.

आता मी सफाळ्याच्या आतल्या एका शाळेत मास्तर आहे. माझ्या वर्गात हजेरीला बराच वेळ जातो. दर वर्षी डी.एड.ची नवी मुलं येतात आणि तसा शेरा लिहितात. मी वाचतो आणि रविवारी त्यांना कुठे जेवायला न्यावं याचा विचार करतो.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी समारंभाला गेलो होतो. पाहुण्यांची भाषणं झाली, नारळ झाले. मग पोरं म्हणाली, आज बाईंची हजेरी आम्ही घेणार. रिंकी तेव्हा सातवीत. ती पुढे आली, बाईंचं पूर्ण नाव पुकारलं आणि विचारलं, "बाई, आज काय शिजलं?"

बाई नेहमीसारख्या फटकन बोलतील म्हणून सगळे हसायच्या तयारीत होते. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, आणि मग मान खाली घालून त्या हातातल्या नारळाकडे बघत राहिल्या. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून मी, अर्थातच, उभा राहिलो.

रिंकीने माझ्याकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

मी बसलो. तिने तसंच बोट ठेवून जरा वाट बघितली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आल्यात, बसल्यात, ऐकतायत. हजर."