आधी त्याला वाचून दाखव

"वाचून दाखवलंस का त्याला?" बातमी टेबलावर ठेवली की दादांचा पहिला प्रश्न हाच. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्यासमोर बसून अख्खी बातमी वाचायची आणि तो काय बोलतो ते बातमीखाली छापायचं. शिव्या असल्या तर शिव्या. सानपाड्याच्या आमच्या छोट्या दैनिकात एवढा उपद्व्याप सगळ्यात जुने बातमीदार असलेले दादाच करायचे. आम्ही आपले फोनवर उरकायचो.

दादा मूळचे शिरवण्याचे. गावाची शेतं शहराने घेतली, तेव्हापासून कुठला भूखंड कुणाच्या घशात गेला हे त्यांना तोंडपाठ. शाळेसाठी राखीव जागा एका बिल्डरने लाटली, त्याचे कागद त्यांनी वर्षभर खपून जमवले. मी हातापाया पडलो, "दादा, याला तरी नका वाचून दाखवू."

"आपन काय चोर हाय का? समोरून जानार."

गेले. बिल्डरने चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि दादा जिना उतरेपर्यंत आमच्या संपादकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी बातमीच्या जागी बिल्डरची पानभर जाहिरात! आठवड्याभरात दादांना नोकरीवरून घरी बसवलं. वर संपादकाने गावभर सांगितलं, म्हातारा बातमी दाबायचे पैसे मागत होता. तो माणूस दिसला की माझे हात अजून शिवशिवतात.

मग दादांनी आत्मचरित्र लिहायला घेतलं. "त्या संपादकाला पुस्तकातच गाडतो," म्हणायचे. या पुस्तकातून काय शिकायचं, असं नवे पत्रकार मला विचारतात. मी सांगतो, सूडसुद्धा कागदपत्रांसकट घ्यायला शिका.

लिहून पुरं झालं आणि दादा गेले. प्रुफं माझ्याकडे आली. संपादकावरच्या प्रकरणाच्या शेवटी दादांनी 'त्याची बाजू' असं लिहून खाली चार ओळींची जागा कोरी सोडली होती. मी भयंकर चिडलो. असल्या माणसाला कसली आलीय बाजू? प्रकाशक म्हणाला, "खोडून टाका ना, कोण विचारतंय!" पण दादांचे शब्द खोडायला हात धजेना.

शेवटी वाशीला संपादकाच्या घरी गेलो. त्याच्या मुलासुनेसमोर त्या प्रकरणाची अकराच्या अकरा पानं वाचली, मुद्दाम मोठ्याने. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तो घामाघूम झाला होता.

"तुमची बाजू सांगा," मी म्हणालो.

त्याने हात जोडले. "हे छापू नका."

मी पेन काढून ते तीन शब्द कोऱ्या जागेत लिहून घेतले. पुस्तकात ते तसेच छापलेत, त्याच्या नावासकट.