नानांनी गाळलेला प्रवेश

नौपाड्याच्या रंगूबाईंनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं. अठराशे ब्याऐंशी साली घरंदाज बाई नाटकाच्या मांडवात जात नसे. त्यांना नाटक दिसायचं ते नवऱ्याच्या अंगात. नवरा म्हणजे कचेरीतले कारकून विश्रामराव, आळीचे नाना. ठाण्यात नाटक मंडळी आली की पुढची खुर्ची त्यांची, आणि मग महिनाभर ओटीवर दारुड्याची नक्कल: हातात ताकाचा पेला, डुलत डुलत रेल्वेच्या पुलावरून खाडी ओलांडणारा नायक. सगळ्यांत मोठ्यानं हसायचा त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा गुरुदत्त, नि त्याहून मोठ्यानं त्याचा जिवलग, वैद्यांचा मधू.

शिमग्याच्या आदल्या दिवशी रंगूबाई परसात धुणं वाळत घालत होत्या. कुंपणापलीकडून मधूचा आवाज आला, "उद्या ताडी मी आणतो. पुलावरून चालायचं, नानांसारखं. नाही आलास तर बांगड्या भर."

"येतो रे. नाना तर रोज चालतात."

रंगूबाई रागावल्या की बोलत नसत, भांडी बोलत. त्या संध्याकाळी पातेल्यांनी अख्ख्या आळीला बातमी दिली.

फुलं द्यायला तुळसा आली. तिचा नवरा मंडळीचा पडदा ओढायचा.

"नाटकातला तो दारुडा पलीकडे पोचतो का गं?" रंगूबाईंनी विचारलं.

"कसला पोचतो, वैनी? खाडीत बुडतो. मंग बायको कुंकू पुसते. पन तवर पुढच्या खुर्च्या पान खायला भायेर."

शिमग्याच्या सकाळी ओटीवर चार माणसं जमली. नानांनी पेला उचलला. मधू गुरुदत्तला खुणावत होता, चल म्हणून. तोच रंगूबाई पदर खोचून बाहेर आल्या, थेट परपुरुषांसमोर.

"दर वेळी अर्धंच का करता? पूल झाला. आता बुडा."

"अगं, सणासुदीचं हे काय बोलणं?"

"मला नक्कल येत नाही. पण बायकोचं काम सोपं दिसतंय." त्यांनी पदराचं टोक कपाळाच्या कुंकवाला टेकवलं. "तुम्ही पडलात की मी पुसते. पडा."

कोणी हसलं नाही. नाना घाईनं पेला खाली ठेवायला गेले, ताक धोतरावर सांडलं. ही काही नक्कल नव्हती.

"नको," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

रंगूबाई मुलाकडे वळल्या. "पुलावर जायचंय ना? नानांना विचारून जा."

गुरुदत्तनं बापाकडे पाहिलं. "तो बुडतो, नाना?"

"बुडतो. बाहेर पान खाताना ऐकू यायचं."

"मग सांगितलं नाहीत कधी?" हे मधूनं विचारलं, नि उत्तराची वाट न पाहता खाली मान घालून घरी गेला. गुरुदत्त पायरीवरच बसून राहिला.

दुपारी पुरणपोळ्या झाल्या. नानांच्या पोळीवर मात्र तूप पडलं नाही. आणि ताक? ते त्यांना पुढं जन्मभर वाटीतूनच मिळालं, पेल्यातून नाही.