अर्ध्यावर थांबलेलं अस्वल

मार्चचा वारा पहाटेपासून लाल माती उधळत होता. पिंपातल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरली होती. धाकटी आई, म्हणजे माझ्या आईची बहीण लुला बिट्सिली, दाराच्या आडोशाला बसून कॉटनवूड झाडाच्या मऊ ओंडक्यातून अस्वल काढत होती. चाळीस वर्षं तिनं शेळ्या, मेंढ्या, कोंबडे कोरले. मेंढीला लोकर चिकटवायची ती घरच्या कळपातली. त्यामुळे तिच्या लाकडी मेंढ्यांनाही वास यायचा, आणि गिऱ्हाइकं त्यावरच खूश. अस्वलाच्या वाटेला मात्र ती कधी गेली नव्हती. आमच्या जमातीत अस्वलाला वडिलधाऱ्याचा मान, त्याला सहसा कुणी कोरत नाही. पण गॅलप शहरातल्या एका दुकानदारानं फारच गळ घातली.

"डोंगरात अस्वलं अजून झोपलीत," ती म्हणाली. "वसंतातली पहिली वीज कडाडली की उठतात, त्याच्या आत उरकते. त्यांना कळायचंसुद्धा नाही."

"तुझ्या घोरण्यानं कधीच उठली असतील," तिचा नवरा चेस्टरकाका म्हणाला.

लेक व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. शनिवारी माहेरी आली की घासणं-रंगवणं तिच्याकडं. लुलानं नुकताच अस्वलाचा जबडा उघडला होता. तिनं लेकीपुढं कानस धरली.

"घे, तोंड घासून दे."

"आज नको, आई."

"का गं? पळ्या धरून हात नाजूक झाले वाटतं राणीसाहेबांचे!"

व्हर्ना हसली नाही. दोन्ही हात पाठीमागं नेऊन ती लाकडापासून लांब सरकली. लुलाचा चाकू जागीच थांबला. घरात पोटुशी बाई असताना जनावराची आकृती कापू नये, घाव बाळाला लागतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"कितवा महिना?"

"तिसरा लागलाय. आधीच्या दोन्ही खेपेला लगेच सगळ्यांना सांगितलं, आणि दोन्ही गेली. म्हणून या वेळी बोलले नाही गं."

"आणि मी आत्ता याचं तोंड चिरलं," लुला म्हणाली.

व्हर्ना रडायला लागली. लुलानं चाकू पुसला, डोक्याच्या रुमालात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"बाळ पहिल्यांदा हसेपर्यंत तुझ्याकडं ठेव. मागितला तरी देऊ नकोस."

"शिव्या घातल्यास तर?"

"तरी नाही."

मग तिनं कमरेच्या पिशवीतून चिमूटभर मक्याचा पराग घेतला, अस्वलाच्या डोक्यावर टाकला आणि त्याच्यापुढं वाकली.

"आजोबा, पोरीनं काही केलं नाही. मला ठाऊक नव्हतं. राग आला असेल तर माझ्यावर काढा, तिच्या पोटावर नको."

चेस्टरकाकानं न सांगताच पिकअपची किल्ली उचलली. "प्रार्थना गाऊन दोष काढणाऱ्या बाबांना घेऊन येतो. जाता जाता त्या दुकानदाराला फोन करू? काय सांगू त्याला?"

"सांग, अस्वल परत झोपलं."

रडता रडता व्हर्नाला हसू फुटलं. लुलानं तिचं नाक आपल्या बाहीनं पुसलं, लहानपणी पुसायची तसंच, आणि तिला वाऱ्यातून आत ढकललं. बाबा येईपर्यंत ताजा विस्तव पेटायला हवा, म्हणून स्वतः शेगडीपुढं बसून रात्रीची राख बादलीत ओढायला लागली.